हॅम्लेट आज असता तर रात्री एकटा बसून काय बघत असता?

पानगळ
परवा शेक्सपिअरचं हॅम्लेट परत वाचून संपवलं, बहुतेक चौथ्यांदा, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. हा मुलगा आज असता, रात्रीचे दोन वाजलेत, समोर लॅपटॉप, घरात मनातलं बोलावं असं कोणी नाही, तर त्याने लावलं काय असतं? मैत्रिणीला विचारलं तर ती लगेच म्हणाली की तो काहीच बघणार नाही, नुसता मेनू खाली-वर करत बसेल आणि उजाडेल. सगळ्यांना हेच सुचतं, कारण 'करू की नको' म्हणजे हॅम्लेट असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला नाही पटत. बापाचं भूत त्याला सांगतं की तुझ्या काकानेच मला मारलं, आणि त्याचा सूड घ्यायला त्याला वेळ लागतो हे खरं, पण करमणुकीच्या बाबतीत हा माणूस अजिबात गोंधळलेला नाही. फिरती नाटक मंडळी एल्सिनोरला, म्हणजे त्याच्या राजवाड्यात, येते तो प्रसंग आठवा, त्यांना धड टेकूही देत नाही, लगेच एक भाषण म्हणून दाखव म्हणतो, कुठलं तेही सांगतो आणि वर स्वतःच सुरू करतो. पहिली ओळ चुकते, थांबतो, असं नाहीये ते म्हणून दुरुस्त करतो आणि पुढच्या डझनभर ओळी तोंडपाठ म्हणतो! आपल्याला काय आवडतं याची इतकी खात्री असलेला माणूस आज काय बघेल? नुसतं 'काहीतरी डार्क' नको, नाटकातलं काही धरून सांगा.

तिसरी_घंटा
पानगळ, प्रश्न फार आवडला. मी बरीच वर्षं हौशी नाटकात काम करतोय आणि मला हॅम्लेट सगळ्यात जवळचा वाटतो तो नटांना सूचना देतो तिथे. हाताने उगाच हवा कापू नका, भावनेच्या चिंध्या होतील इतकं ओरडू नका, आणि विनोदी नटांनी लिहिलंय तेवढंच बोला, नाटकातला महत्त्वाचा मुद्दा चालू असताना स्वतः हसून चार प्रेक्षकांना हसवायला जाऊ नका. हे १६०० च्या आसपास लिहिलेलं आहे आणि आजही प्रत्येक तालमीत कोणीतरी कोणाला तरी हेच सांगत असतं. त्यामुळे मागून हशा वाजणाऱ्या कॉमेडी, एकच चेहरा तीनदा झूम करणाऱ्या मालिका, हे तो दोन मिनिटांत बंद करेल. तो बघेल तालमीचे व्हिडिओ, नटांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती, एकाच कॅमेऱ्यावर न थांबता घेतलेले सीन. त्याला धंद्यातल्या बातम्याही हव्या असतात हे विसरू नका, मंडळी शहर सोडून गावोगाव का हिंडतायत असं तो मुद्दाम विचारतो आणि लहान मुलांच्या नाटक कंपन्यांची फॅशन आलीय म्हणून, हे कळल्यावर त्या मुलांचाही विचार करतो, मोठी झाल्यावर यांचं काय होणार म्हणून. एका नटाला दाढी आलीय हे त्याच्या लगेच लक्षात येतं, स्त्रीभूमिका करणाऱ्या पोराची उंची वाढलीय हेही, आणि आता त्याचा आवाज फुटेल याची त्याला काळजी. अशी माया खऱ्या चाहत्यालाच असते.
आणि ज्या नाटकातलं भाषण तो मागतो ते फार तर एकदा रंगमंचावर आलं असेल, गर्दीला रुचलं नाही असं तोच सांगतो. म्हणजे दोन-चारशे व्ह्यूजवाल्या, कोणी न बघितलेल्या उत्तम गोष्टी शोधून काढणारा हा माणूस. फक्त त्याच्या शेजारी बसून बघणं अवघड, अख्खं नाटक चालू असताना तो बोलत राहतो, शेवटी त्याची प्रेयसी ओफेलियाच त्याला म्हणते की तुम्ही तर सूत्रधाराचंच काम करताय.

कोरा_कागद
मला वाटतं तो स्क्रीनकडे बघणारच नाही, बघणाऱ्याकडे बघेल. भूत खरं बोलतंय का हे बघायला काकासमोर खुनाचं नाटक लावतो तेव्हा मित्राला, होरेशिओला, आधीच सांगून ठेवतो की काकाच्या चेहऱ्यावरची नजर हलवू नकोस, आणि स्वतःही तेच करतो. त्यामुळे माझं उत्तर: पोलीस चौकशीचे जुने रेकॉर्डिंग, कोर्टातल्या उलटतपासण्या, आणि ते रिअ‍ॅक्शन व्हिडिओ, ज्यात कोपऱ्यात बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. काका, म्हणजे क्लॉडियस, उठतो आणि दिवे मागतो तो क्षण त्याच्याकडे रेकॉर्ड असता तर पाव स्पीडवर शंभर वेळा बघितला असता.
आणि बघावाच लागला असता, कारण पुरावा वाटतो तेवढा स्वच्छ नाही. त्या आतल्या नाटकात राजाला मारणारा राजाचा भाऊ नाहीये, पुतण्या आहे. म्हणजे क्लॉडियस जुना गुन्हा समोर आला म्हणून घाबरला, की पुतण्या भर दरबारात आपल्याला मारायची धमकी देतोय म्हणून उठला? बाकीच्या दरबाराला तर दुसरंच वाटलं असणार. हॅम्लेटला मात्र तिथल्या तिथे खात्री पटते.

रातपाळी
तुमचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण मला थोडं वेगळं वाटतं. माझे वडील गेले त्यानंतर चार-पाच महिने मी नवीन असं काहीही बघू शकले नाही, कथा पुढे कुठे जाणार हे माहीत नसलं की धडधडायचं, मग लहानपणी त्यांच्याबरोबर बघितलेलीच एक मालिका परत परत लावायचे, संवाद पाठ होते तरी. हॅम्लेटचे वडील जाऊन जेमतेम काही महिने झालेत. तो मंडळींकडे नवीन काही मागत नाही, पाठ असलेलंच मागतो, हे मला फार खरं वाटतं.
आता ते भाषण काय आहे ते बघा. ट्रॉय शहर पडलंय, ग्रीक योद्धा पिऱ्हस तिथल्या म्हाताऱ्या राजा प्रायमला मारतो, आणि नवऱ्याचे तुकडे होताना बघून राणी हेक्युबा असा आक्रोश करते की देवांनाही रडू यावं. मारला जातोय एक राजा, आणि त्याची बायको रडतेय. हॅम्लेटच्या घरात हे रडणं टिकलंच नाही. त्याच्या आईने, गर्ट्रूडने, दोन महिनेही थांबायच्या आत दिराशी लग्न केलं. त्याला आईच्या चेहऱ्यावर जे बघायचं होतं ते तो नटाच्या तोंडून मागतोय. म्हणून मला वाटतं आज तो कुठल्यातरी जुन्या सिनेमातला एकच प्रसंग बघत असेल, ज्यात कोणीतरी गेलेल्या माणसासाठी मनापासून रडतं. बाकी सिनेमा नाही, तेवढाच तुकडा.

पानगळ
रातपाळी, हे वाचून मी पुस्तक परत उघडलं. हेक्युबाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मी फक्त पिऱ्हसकडे बघत होते. कारण पिऱ्हसही स्वतःच्या बापाचा, अकिलिसचा सूड घेतोय, आणि प्रायमवर उगारलेली त्याची तलवार क्षणभर हवेत अडकते, तो काहीच न करता चित्रासारखा उभा राहतो, आणि मग घाव घालतो. म्हणजे एकाच भाषणात हॅम्लेटचा मेलेला बाप आहे, त्याला हवी होती तशी आई आहे आणि वार करायच्या आधी थांबलेला तो स्वतःही आहे. आणि हे त्याला आधीपासून पाठ होतं, भूत दिसायच्या कितीतरी आधी ऐकलेलं! मी तर सिरीज विचारायला आले होते, आता हा तुकडाच डोक्यातून जाणार नाही.
कोरा_कागद, पुतण्यावालं वाचून मी पण थांबले. इतक्या वेळा वाचून नजरेतून सुटलं होतं.

तिसरी_घंटा
मान्य, रातपाळींचं उत्तर माझ्यापेक्षा खोल आहे. एकच जोडतो, त्याला हसायलाही हवं असतं. दरबारातला विदूषक योरिक, त्याची कवटी हातात घेतो तेव्हा त्याला आठवतं ते त्याच्या पाठीवर बसून हजारदा फिरलेलं. योरिक जाऊन तेव्हा २३ वर्षं झालेली. तर एखाद्या गेलेल्या विनोदवीराचे जुने, खरखरणारे व्हिडिओही त्याच्या यादीत ठेवा. ते मात्र तो होरेशिओला शेजारी बसवून बघेल असं वाटतं.

रातपाळी
हो, योरिक हवाच.
अजून एक सांगते, कालपासून त्यावरच अडकलेय. ते भाषण पूर्ण होतच नाही. आधी राजाचा सल्लागार पोलोनियस मध्येच म्हणतो की फार लांबलं, त्याला हॅम्लेट फटकारतो आणि हेक्युबावर ये म्हणतो. मग हेक्युबाचं सांगताना नटाचा चेहरा उतरतो, डोळे भरून येतात, तेव्हा पोलोनियस पुन्हा बास म्हणतो, आणि या वेळी हॅम्लेट वाद घालत नाही. ठीक आहे, उरलेलं लवकरच ऐकेन, एवढंच म्हणून नटांना आत पाठवतो. त्या नटाकडून तो नंतर स्वतःच्या ओळी घातलेलं नाटक करवून घेतो, सूचना देतो, पण हे उरलेलं भाषण पुढे अख्ख्या नाटकात कधीच मागत नाही. माझ्या त्या मालिकेचाही शेवटचा भाग मी अजून लावलेला नाही, अ‍ॅपमध्ये 'पुढे बघा' खाली तो रोज दिसतो.