कुत्र्यासोबत तळ्याकाठच्या डोंगरवाटा : तुमचे अनुभव सांगा

साताऱ्यातून
शिवसागर जलाशयाच्या काठी, बामणोली-तापोळ्याकडे मुक्कामाला येणारे हल्ली आवर्जून विचारतात, "कुत्रा आणला तर फिरवायचा कुठे?" वाट, ऋतू, पाणी, मनाई, जे अनुभवलंत ते मोकळेपणानं लिहा. सुरुवात मी करते.

वासोटा किल्ला मनातून काढून टाका. बामणोलीहून लाँचनं पलीकडे उतरलात की कोयना अभयारण्य लागतं. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पाळीव कुत्र्याला तिथे नेता येत नाही, आणि नेऊही नये. डिस्टेंपरसारखा आजार आपल्या कुत्र्यांकडून रानकुत्र्यांपर्यंत, बिबट्यापर्यंत पोचू शकतो. आमची राणी गावठी, चालायला दमदार, पण तिला मी यवतेश्वराच्या बाजूलाच नेते. कास तलावाच्या पाण्यात तिला उतरू देत नाही. सातारा शहर ते पाणी पितं.

वाईहून
धोम धरणामागे नांदगणेहून कमळगडावर जाणारी वाट मला सगळ्यात आवडते. चढ अंगावर येतो, पण वाट झाडीतून जाते आणि कुत्र्याला सावली मिळते. माथ्यावरच्या कावेच्या विहिरीत उतरताना मात्र कुत्रा वरच सोबत्याकडे ठेवा.

पांडवगडाला मी मार्चनंतर कुत्रा नेत नाही. उघडा कातळ तापतो. तळहाताची मागची बाजू दगडावर टेकवून बघा. आपल्याला धरवत नसेल, तर त्याचे पंजे भाजणारच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, लाळ चिकट झाली, सावली दिसेल तिथे तो बसू लागला, की माथा राहू दे. तिथेच थांबायचं, पोटाला आणि पंजांना पाणी लावायचं, थोडं थोडं पाजायचं आणि खाली उतरायचं. चपट्या नाकाच्या जातींना तर हा चढ नकोच.

बामणोलीकडून
पाव्हणं येत्यात, आनंद हाय. पण कुत्रं मोकळं सोडू नका. आमच्या म्हशी रानात चरायला असत्यात, संगट रेडकू असलं की म्हैस कुत्र्याच्या अंगावर धावती. धनगरवाड्यावरची कुत्री राखणीची, परक्या कुत्र्याला जवळ येऊ देत न्हाईत. लांबूनच हाळी द्या, मालक त्यास्नी आवरतो, मगच फुडं जावा. आन् दिस मावळायच्या आत खाली या. बिबट्याला कुत्रं म्हंजे सोपी शिकार, तंबूबाहेर रातचं बांधून तर अजिबात ठेवू नका.

सांगलीतून, पशुवैद्य
पावसाळ्यानंतरच्या गवतात गोचीड फार. घरी आल्यावर कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. गोचीड तापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. अशा वेळी रक्ततपासणीला उशीर नको. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. त्याची लस रेबीजच्या लशीइतकीच गरजेची आहे. कातळावर दगडांखाली फुरसं असतं. ते चावलं तर पट्टी आवळू नका, कापू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून थेट दवाखाना गाठा. निघण्यापूर्वीच जवळच्या दवाखान्यात फोन करून सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का, ते विचारून ठेवा.

पुन्हा साताऱ्यातून, दुसरे एक जण
कास पठाराचं राहिलं. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. कातळावर मातीचा थर अगदी पातळ, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर त्यावरच फुलं फुलतात. कुत्रा उकरल्याशिवाय राहत नाही. फुलांच्या दिवसांत त्याला घरीच ठेवा.

मिरजेहून
आमच्याकडे दंडोबाचा डोंगर आहे. हिवाळ्यात सकाळची चाल छान होते, पाणी मात्र घरूनच न्यावं लागतं. देवळाकडे गर्दी असेल तर आम्ही खालच्या वाटेनंच फिरून येतो. सागरेश्वरला हरणं आहेत, ते अभयारण्य आहे, तिथे कुत्रा नेत नाही.