हिवाळ्यात पेज-कनाब भागात फोटोग्राफी: पैसे देऊन गाइड नेमका कुठे घ्यावा?

मृणाल_फिनिक्स

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांना घेऊन ॲरिझोनातल्या पेजला जायचं ठरतंय. बाबांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी आणि पासपोर्टचे फोटो यांत सगळी उमेद गेली, डोंगर-दऱ्यांचे फोटो मनातच राहिले. आता ते तीन महिने आमच्याकडे आहेत. वय ६८. सपाटीवर आरामात चालतात, पण डाव्या गुडघ्याला उभ्या पायऱ्या सोसत नाहीत. आणि ट्रायपॉड लावल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही.

तिथल्या अँटिलोप कॅन्यनची (वाळूच्या खडकातली अरुंद घळ) टूर बुक करायला बसले, तर ट्रायपॉड चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. खासगी फोटोग्राफी गाइड पाहिले, तर दिवसाला माणशी काहीशे डॉलर. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण ते योग्य जागी पडावेत. आमची गाडी साधी सेदान आहे. शिवाय हिवाळ्यात कॅन्यनमध्ये उन्हाचे ते झोत दिसत नाहीत म्हणतात. मग तेव्हा जाण्यात अर्थ आहे का? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

रेतीवाट

मृणालताई, मी युटातल्या सेंट जॉर्जला राहतो. थंडी पडली की माझे बरेचसे शनिवार-रविवार त्याच भागात जातात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी प्रकाशाचं. २१ डिसेंबरच्या सुमारास पेजला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३० अंश वर येतो. जूनमध्ये तो ७६ अंशांवर असतो. कॅन्यनची वरची फट अरुंद, त्यामुळे तिरपं ऊन तळापर्यंत पोचतच नाही. झोत साधारण मार्चअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच. पण तुमच्या बाबांनी आयुष्यभर स्टुडिओतला प्रकाश हाताळलाय, त्यांना हिवाळाच जास्त आवडेल. ऊन वरच्या कडेला लागतं, या भिंतीवरून त्या भिंतीवर परतत खाली येतं आणि येता येता मऊ होतं. वर केशरी, मध्ये गुलाबी, तळाशी जांभळट. उन्हाळ्यात झोत पांढराफटक जळतो आणि बाकी सगळं काळं पडतं, ती कटकट नाही. फक्त व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा सगळा केशरी रंग ‘दुरुस्त’ करून टाकतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

आता गाइड. नावाहो नेशनच्या, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाच्या, हद्दीत अँटिलोप कॅन्यनला गाइडशिवाय आत जाताच येत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये लोअर अँटिलोपमध्ये पुराचा लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. पाऊस कॅन्यनवर जवळजवळ पडलाच नव्हता, तो पडला होता वर कित्येक मैल दूर. त्या भागातल्या आभाळाकडे रोज बघणारा माणूस सोबत असणं म्हणजे काय, हे यावरून समजावं. पण तिथला गाइड हा गटाचा गाइड. मागून दुसरा गट येतच असतो, म्हणून बाबांना हवा तितका वेळ तो देऊ शकणार नाही. तिथे जरूर जा, नावाहो पार्क्सच्या यादीतला अधिकृत ऑपरेटर घ्या, पण तुमचे मोठे पैसे तिथे घालू नका.

मोठे पैसे व्हाइट पॉकेटसाठी ठेवा. व्हर्मिलियन क्लिफ्स नॅशनल मॉन्युमेंटमध्ये आहे, चालण्यासाठी परमिट लागत नाही, आणि गाडीतून उतरल्यावर थोड्याच अंतरावर खडक सुरू होतो. पांढरा खडक, वर मेंदूसारख्या भेगा, मधूनच लाल-पिवळे पट्टे पीळ घालून फिरवलेले. हा वाळूचा खडक ज्युरासिक काळातल्या टेकड्यांचा आहे, आणि ती वाळू ओली असताना, घट्ट व्हायच्या आधीच घसरल्याने हे पीळ पडले. हिवाळ्यात खळग्यांत पाणी साठलेलं असतं, पहाटे त्यावर बर्फाची पापडी असते. ट्रायपॉड हवा तिथे लावा, मागे उभं राहून घाई करणारं कोणी नसतं.

तिथवर पोचणं मात्र साध्या गाडीचं काम नाही. शेवटचे कित्येक मैल खोल वाळू. उंच फोर-व्हील ड्राइव्ह हवी, टायरमधली हवा कमी करावी लागते. हिवाळ्यात ओल असली की वाळू दबून बसते, ते सोपं जातं. पण त्याआधीचा हाउस रॉक व्हॅली रोड चिकणमातीचा. पाऊस पडला किंवा बर्फ वितळला की तिथे भल्याभल्या गाड्या रुततात. मोबाइलला रेंज नाही. भाड्याची जीप घेऊन जाऊ म्हणाल, तर बहुतेक करारांत असल्या रस्त्यांवर न्यायला मनाई असते आणि विमा लागू होत नाही. म्हणून इथे गाइड. युटातल्या कनाबमधून बरेच जण नेतात, जायलाच दोन-अडीच तास धरा.

बुक करायच्या आधी फोनवर बोला. बीएलएमचं (सरकारी जमिनी सांभाळणारं अमेरिकी खातं) परमिट आहे का, हे पहिलं विचारा. व्यवसाय म्हणून लोकांना नेणाऱ्याकडे ते असावंच लागतं. मग विचारा की सूर्यास्तानंतर थांबणार का. हे कळीचं आहे! साध्या डे टूरवाले चारच्या सुमारास निघायची घाई करतात. डिसेंबरात तिथे सूर्य पाच-सव्वापाचला मावळतो आणि त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटंच तुम्हाला हवी असतात. त्या वेळी तो पांढरा खडक आभाळाचा रंग घेतो. ‘फोटोग्राफी टूर’ असं नाव असलं तरी कधी निघायचं ते लेखी घ्या. रस्ता चिखलाने बंद झाला तर पैसे परत मिळतात, की दुसरी तारीख, की दुसरी जागा, तेही लेखीच घ्या. ‘काही होत नाही हो, आम्ही कसंही नेतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘ओला असेल तर मी जाणार नाही’ असं सांगणारा घ्या.

सासूबाईंची_लाडकी

रेतीवाट यांनी छान लिहिलंय. मी फक्त पायऱ्यांचं सांगते, कारण गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन गेले होते. लोअर अँटिलोपला लोखंडी जिने आहेत, उभे आणि अरुंद. बाबांचा गुडघा पाहता अप्पर, म्हणजे कॅन्यनचा दुसरा भाग, घ्या. आतला तळ सपाट, वाळूचा. तरी परतीच्या वाटेवर किती चढ-उतार आहे, ते ऑपरेटरला आधी विचारून घ्या. बॅगही आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कॅमेरा गळ्यात आणि जादा बॅटरी खिशात. लेन्स बाहेरच ठरवा, आत वरून बारीक रेती झिरपत असते. हॉर्सशू बेंडला (कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण) गाइड नको. वाट चांगली बांधलेली आहे, जाऊन-येऊन दीड मैल. पार्किंगचे पैसे वेगळे पडतात.

मृणाल_फिनिक्स

दादा, ताई, दोघांचेही मनापासून आभार. बाबांना व्हाइट पॉकेटचे फोटो दाखवले, तर ते नुसते बघतच राहिले. मग म्हणाले, ‘इथे पॅनोरामा नको, लांब लेन्सने तुकडे काढू.’ म्हणजे ठरलंच!

दोन शंका. एक, कनाबचा एक गाइड म्हणाला की द वेव्हची (व्हर्मिलियन क्लिफ्समधलाच लाटांसारखा खडक, परमिट लॉटरीने) लॉटरी लागली तर तिथे नेईन. तो परमिट मिळवून देऊ शकतो का? दुसरी, अँटिलोपमध्ये ट्रायपॉडशिवाय बाबांनी करायचं काय?

रेतीवाट

परमिट कुठलाच गाइड मिळवून देऊ शकत नाही. लॉटरी तुमच्याच नावाने भरायची. चार महिने आधीची तुमच्या तारखांसाठी संपलीय. राहिली दोन दिवस आधीची, ती फोनवरून आणि त्या भागात हजर असतानाच भरता येते. जाऊन-येऊन सहा मैलांहून जास्त चाल आहे, वाळू आणि उतरता खडक. बाबांसाठी मी सुचवणार नाही. त्यासाठी धावाधाव करण्यापेक्षा एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे रस्ता ओला असला तर व्हाइट पॉकेट पुढे ढकलता येईल.

अँटिलोपला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) १६०० ते ३२०० ठेवायला बाबांना सांगा. हल्लीच्या कॅमेऱ्यांना ते झेपतं. स्टॅबिलायझेशन चालू, कोपरं छातीशी घट्ट, श्वास सोडून मग क्लिक. स्टुडिओवाल्यांना हे शिकवायला लागत नाही, फक्त आयएसओ वाढवायला त्यांचा जीव धजत नाही. ट्रायपॉड हवाच असेल तर पेजच्या आसपास नावाहो हद्दीतच दुसऱ्या अरुंद कॅन्यनच्या वेगळ्या फोटो टूर असतात. ट्रायपॉडची परवानगी मात्र प्रत्येकाला विचारूनच घ्या. ड्रोन नेऊ नका, आणि तिथल्या माणसांचा फोटो आधी विचारल्याशिवाय काढू नका. बाबांना हे पटेलच.

वेळेचं एक बरं आहे. उन्हाळ्यात नावाहो नेशन घड्याळ एक तास पुढे करतं, ॲरिझोना करत नाही, त्यात लोकांच्या टूर चुकतात. डिसेंबरात दोन्हीकडे, आणि कनाबलाही, वेळ एकच.

पहाटे तापमान शून्याखाली असतं. बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. कॅमेरा उबदार गाडीत परत आणताना आधी बॅगेत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. बाबांसाठी बोटांची टोकं उघडता येतील असे हातमोजे घ्या. गाइडच्या टिपचे पैसे रोख ठेवा, पंधरा ते वीस टक्के.

मृणाल_फिनिक्स

आत्ताच गाइडशी बोलले. परमिट आहे, सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबतो आणि रस्ता ओला असेल तर दुसऱ्या दिवशी नेतो, हे त्याने ईमेलवर लिहून दिलं. बुक केलंय. हातमोज्यांचं बघते.