अजिंठा, कास, लोहगड : रोज किती माणसं सोडायची याला आकडा हवाच

लेणीवेडी

दिवाळीच्या सुट्टीत सात वर्षांनी अजिंठ्याला गेले. एक नंबरच्या लेण्यात पाय ठेवला आणि चित्रांच्या आधी दमटपणाच जाणवला. बाहेर कोरडी, छान हवा. आत दाटीवाटीने उभ्या माणसांचा श्वास आणि घाम. बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या अंगाला. त्या झुकलेल्या पापण्या, बोटांत हलकेच धरलेलं कमळ, जरा डोळे भरून बघावं म्हणून थांबले तोच मागून ‘सरका पुढे, सरका’ सुरू. शेजारच्या गृहस्थांनी फ्लॅश मारला. रखवालदार ओरडेपर्यंत आणखी दोघांनी मारला. एक पोरगा भिंतीला पाठ टेकून निवांत फोनवर बोलत होता.

ही चित्रं नुसत्या दगडावर नाहीत. कातळावर माती, तूस, गवताचे तंतू असा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. ओल धरली की गिलावा सुटतो, आणि सुटून पडलेला तुकडा परत पहिल्यासारखा होत नाही. १९२० च्या सुमारास निजामाने इटलीहून जाणकार बोलावले होते. चित्रं वाचावीत म्हणून त्यांनी लावलेलं लाखेचं रोगणच पुढे पिवळं पडलं. पंधराशे वर्षांपूर्वीचा रंग आहे हा, त्याच्यावर प्रयोग करायला दुसरी भिंत नाही.

म्हणून स्पष्ट म्हणते. चित्रांच्या लेण्यांत तासाला ठरावीक माणसं आणि दिवसाला ठरावीक माणसं. कासच्या फुलांच्या पठाराला, लोहगडाला, ताजमहालालाही तेच. तुम्हाला काय वाटतं?

कडेकपारी

+१. लोहगडाला पावसाळ्यातल्या रविवारी गेलात तर हा धागा वाचायचीही गरज पडणार नाही. चढणारे आणि उतरणारे एकाच पायऱ्यांवर, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला तटाची भिंत. मागच्या पावसाळ्यात गणेश दरवाज्याजवळ तासभर जागचं हलता आलं नाही. पुढे एक बाई लहान मुलाला डोक्यावर धरून उभी होती, खाली ठेवलं तर चेंगरेल म्हणून. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात लोहगड आहे. गर्दी वाढणारच.

एसटीची लेक

मी पूर्ण असहमत, आणि जरा रागानेच लिहितेय.

‘ठरावीक माणसं’ म्हटलं की ती कोण असणार हे आधीच ठरलेलं असतं. ज्याच्या हातात चांगला फोन, नेट आणि कार्ड आहे तो पंधरा दिवस आधी बुकिंग करून मोकळा. आमच्या गावातल्या बचतगटाच्या बायका वर्षभर पैसे साठवून सहल काढतात. दिवस कधी ठरतो? भात कापून झालं, गाडीवाला मिळाला, कुणाकडे सुतक नाही, की निघायचं. अकरा जणींत एक स्मार्टफोन, तोही मुलाचा.

ताजमहालाचंच बघा. २०१८ च्या डिसेंबरात मुख्य कबरीपर्यंत जायला २०० रुपये जादा लावले, कारण काय तर गर्दी. मूळ तिकीट ५० चं. आम्ही घरची चार मोठी माणसं गेलो तेव्हा २०० च्या जागी हजार झाले. बाबा म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी खाली थांबतो. तीस वर्षं लोकांना देश दाखवायला गाडी चालवली त्या माणसाने, आणि स्वतः चौथऱ्याच्या खाली उभा राहिला. गर्दी कमी झाली, बरोबर. पण कुणाची?

माथेरानकर

@एसटीची लेक, ताईंच्या बाजूने एक मुद्दा. सगळे माणसं मोजायला निघालेत, मोजायच्या आहेत त्या गाड्या. आमच्या माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांची मोटार येत नाही. तिथून चालत, घोड्यावर नाहीतर मिनी ट्रेनने. सुट्टीत पाय ठेवायला जागा नसते, तरी झाडी टिकून आहे. हिमाचलातल्या रोहतांग खिंडीलाही दिवसाला १२०० गाड्यांचा परवाना आहे, चालणाऱ्याला कुणी अडवत नाही.

उटी-कोडाईकनालला मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या मे महिन्यापासून गाड्यांना ई-पास, म्हणजे ऑनलाइन परवाना, लावला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यासाठी उटीला आकडाच घातला, एरवी दिवसाला ६ हजार गाड्या आणि शनिवार-रविवारी ८ हजार. तिथल्या व्यापाऱ्यांनी बंद पाळला. मी त्यांची तगमग समजू शकतो. आमचंही पोट तीन-चार महिन्यांच्या हंगामावरच चालतं. पण एसटीने येणाऱ्याला त्या पासाचा त्रास नाही, हेही सांगायला हवं.

घाटाईचा

कासचं नाव घेतलंत म्हणून लिहितो, पठाराच्या अंगाखांद्यावरच वाढलोय.

आमच्याकडे रोज ३ हजारांचा आकडा आहे, ऑनलाइन नोंदणी आहे. तो हवाच. जांभ्याच्या कातळावर काही ठिकाणी माती वीतभरही नाही. त्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. बोटभर उंचीची झाडं. फोटोसाठी माणूस मध्ये जाऊन बसला की उठल्यावर तिथे बसकटाएवढी सपाट जागा दिसते. मी स्वतः दोन तरुण मुलांना हाताला धरून बाहेर काढलंय, त्यांच्या बुटांखाली किती फुलं गेली ते त्यांना कळलंही नव्हतं.

पण आकडा म्हणजे सगळं नव्हे. २०१२ ला पश्चिम घाट वारशाच्या यादीत आला, गर्दी उसळली आणि फुलं राखायला जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसांबरोबर आमची गुरंही बाहेर. मग गवत माजलं. गुडघाभर गवतात बोटभर फुलाला ऊन कुठून मिळणार? गुरं चरायची, तुडवायची, शेण टाकायची, हे सगळं त्या फुलांच्या उपयोगाचं होतं, हे आमची म्हातारी माणसं पहिल्यापासून सांगत होती. कुंपण शेवटी काढावं लागलं. बाहेरून नियम आणताना तिथल्या माणसाला आधी विचारा, एवढंच.

कडेकपारी

@घाटाईचा, दादा, हंपीलाही तेच झालं. २०११ मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारपेठेतली राहती घरं-दुकानं हटवली. मंडप मोकळे झाले, पण तिथे दिवा लावणारं कुणी राहिलं नाही. मी मर्यादेच्या बाजूचा असूनही हे मला खुपतं.

लेणीवेडी

@एसटीची लेक, ताई, बाबांबद्दल वाचून गलबलून आलं. दर वाढवून गर्दी हटवणं मलाही नकोच, हे आधीच लिहायला हवं होतं. ताजमहालाचं नाव मी मागे घेते.

माझं म्हणणं वेळेच्या पाळ्या लावण्याचं आहे. तिरुपतीला आपण वेळेचं टोकन घेतो आणि थांबतो. वैष्णोदेवीला २०१७ मध्ये हरित लवादाने दिवसाला ५० हजारांची मर्यादा घातली, तरी लोक जातातच. तसं अजिंठ्याला निम्म्या जागा ऑनलाइन आणि निम्म्या त्याच दिवशी खिडकीवर द्याव्यात. खिडकीवर आधी येईल त्याला, तिकीट आहे त्याच दरात. आणि हे फक्त १, २, १६ आणि १७ या चित्रांच्या लेण्यांपुरतं. बाकी लेण्यांत दिवसभर फिरा.

पायवाट

त्याच चार लेण्यांच्या प्रतिकृती जवळच बांधल्या होत्या ना? फ्रान्समध्ये आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा माणसांच्या श्वासाने खराब होतेय म्हणून १९६३ मध्ये बंदच केली आणि लोकांना प्रतिकृती दाखवतात. आपणही तेच करावं.

एसटीची लेक

प्रतिकृती नको. खरं बघायला अभ्यासक जाणार आणि आमची बोळवण सिमेंटवर, हे मला कधीच पटणार नाही.

@लेणीवेडी, पाळीचं ऐकून घेतलं. पण विचार करा. पहाटे तीनला निघालेली आमची गाडी अकराला पोचते. खिडकीवर सांगितलं की आजच्या पाळ्या संपल्या, उद्या या. अकरा बायकांनी रात्री राहायचं कुठे? लॉज परवडला असता तर सहल दोन दिवसांची काढली नसती का?

लेणीवेडी

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. लांबून येणाऱ्या गटांसाठी फोनवर नाव नोंदवायची सोय आणि दुपारची एक पाळी राखून ठेवायची, एवढंच सुचतंय.

एसटीची लेक

साध्या फोनवरून, मराठीत बोलून होत असेल तर चित्रांच्या लेण्यांपुरतं मान्य. वेरूळच्या कैलासाला नको, तो उघड्यावरचा दगड आहे, माणसांच्या श्वासाने त्याला काही होत नाही. आणि लोहगडाला तर मुळीच नको. महाराजांच्या गडावर जायला नोंदणी कसली?

कडेकपारी

लोहगडाला दगडासाठी नकोच आहे, ताई. त्या पायऱ्यांवर वरून एक जण घसरला तर खाली किती जण जातील, ते मी तासभर उभा राहून मोजत होतो. तिथे निदान पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पायथ्याशी माणसं थांबवून, उतरणारे खाली आल्यावरच पुढची तुकडी सोडा. नोंदणी नको, तिकीट नको, फक्त एक दोरी आणि दोन माणसं.