सातवीच्या मुलांना संयुक्त वाक्यं लिहायला कशी शिकवायची?

खानापूरच्या_बाई:
नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाला सहावी-सातवीला मराठी शिकवते. केवल, मिश्र, संयुक्त वाक्यांच्या व्याख्या मुलं धडाधड म्हणतात, उभयान्वयी अव्ययं (वाक्यं जोडणारे शब्द) पण पाठ, खरं स्वतःचं लिहायला दिलं की एक तर तुकडे, "मलप्रभेला पाणी आलं. पूल बुडाला. बस आली नाही. मी शाळेला आलो नाही." नाहीतर मग पानभर आणि आणि आणि. तासाला नेमकं काय करून घ्यायचं सांगा की कुणीतरी.

निपाणीचे_सर:
बाई, व्याख्या थोडे दिवस बाजूला ठेवा. फळ्यावर दोनच वाक्यं लिहा, "पाऊस आला", "आम्ही खेळलो", आणि मधल्या जागेत आणि, पण, म्हणून हे तीन शब्द आळीपाळीनं घालायला लावा. "पाऊस आला पण आम्ही खेळलो" म्हणणारा पोरगा वेगळा, "पाऊस आला म्हणून आम्ही खेळलो" म्हणणारा वेगळा, कुणाला चिखल आवडतो ते सगळ्या वर्गाला लगेच कळतं. हे बसलं की मग "आणि" समुच्चयबोधक, "पण" न्यूनत्वबोधक, "म्हणून" परिणामबोधक ही नावं सांगा. तुमच्या मुलाच्या वाक्यांवरच करा की, "मलप्रभेला पाणी आलं आणि पूल बुडाला, म्हणून बस आली नाही." चौथं वाक्य सुटंच राहू दे. सगळं जोडलंच पाहिजे असं काही नाही, छोटं वाक्य चूक नव्हे.

शहापूरकर_ताई:
सरांचं बरोबर आहे. अजून एक बघा, आपल्याकडची मुलं "उठून चहा पिऊन गुरं सोडून शाळेला आलो" असं सर्रास लिहितात, कन्नडमध्ये पण वाक्य असंच पुढं नेतात त्यामुळं ते त्यांच्या तोंडात बसलेलं असतं. वाक्य चांगलं आहे, खोडू नका, खरं ते संयुक्त नाही, केवलच, कारण पूर्ण क्रियापद एकच, आलो. त्याच मुलाला सांगा प्रत्येक कामाला पूर्ण क्रियापद दे, "मी उठलो, चहा प्यालो आणि गुरं सोडली, पण शाळेला उशीर झाला." दोन्ही वहीत एकाखाली एक लिहून घ्या. आणि "पण"च्या जागी आपण बोलताना "खरं" म्हणतो ते तोंडी चालू दे, पेपरात "पण" लिहायचं एवढंच सांगा, रागावू नका पोरांना.

खानापूरच्या_बाई:
उद्याच करते. आणि "पाऊस थांबला तर रोप लावायला जाऊ" याला मुलं संयुक्त म्हणतात, त्यांना कसं पटवायचं?

निपाणीचे_सर:
ते मिश्र. "जर पाऊस थांबला" एवढंच म्हणून गप्प बसायला सांगा, बाकीची पोरं आपणहून विचारतील, मग काय? म्हणजे ते दुसऱ्या वाक्यावर टेकलेलं आहे. संयुक्तात दोन्ही वाक्यं आपापली पूर्ण असतात. "जरी-तरी", "कारण" हे पण मिश्रातच. "म्हणून" मात्र बघून द्या, "पाऊस थांबला म्हणून गेलो" संयुक्त, "मार्क पडावेत म्हणून अभ्यास केला" मिश्र, कारण तिथं हेतू सांगितलाय. सातवीला पहिलंच द्या, दुसरं आठवीत बघू.