टिचकी नको, खोका द्या

पाळलेलं फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी) चावतं आणि गालिचा उकरतं, काय करायचं? चावलं की नाकावर टिचकी मारा, असा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात पटत नाही. घाबरलेलं फेरेट आणखी जोरात चावतं. पिल्लांची कातडी जाड, ती आपापसात असंच चावत खेळतात. चावलं की खेळ बंद, दोन-तीन मिनिटं पिंजऱ्यात. डोक्यावर पांढरा पट्टा असेल तर ऐकू येतं का तेही तपासा. असे बरेच फेरेट बहिरे असतात, दचकून चावतात.

गालिचा बहुतेकदा बंद दारापाशीच उकरला जातो, पलीकडे जायचं असतं ना! तिथे जाड प्लास्टिकची चटई टाका आणि उकरायला कोरड्या तांदळाचा खोका द्या (बासमती नको, परवडणार नाही). गालिच्याखालचा फोम गिळला तर आतडं तुंबतं. अशा वेळी थेट व्हेटकडे.