वर्षातला तुमचा अल्बम कोणता? (अख्खा ऐकलेला हवा!)

रिकामी_कॅसेट
काल माळा आवरताना जुनी वही सापडली. कॉलेजात असताना दर ३१ डिसेंबरला मी वर्षभरातल्या आवडत्या दहा अल्बमांची यादी करायचे. लाल शाईने नंबर, पुढे दहापैकी गुण. साडेआठ काय, पावणेनऊ काय, केवढा तो आव! १९९७ च्या पानावर पहिल्या नंबरखाली दोन रेघा मारल्यात, आणि शपथ त्यातलं एक गाणं आठवत असेल तर. नवव्या नंबरचा मात्र अजून भांडी घासताना आपसूक तोंडात येतो, दुसरं गाणं संपल्यावर तिसऱ्याआधी गायिका जो श्वास घेते त्यासकट. पाय बधिर होईस्तोवर शिडीवरच बसून होते.

मग म्हटलं या वर्षाची यादी करू. तीन नावांवर गाडी अडली. गाणी शेकड्यांनी ऐकली, पण अल्बम तीनच.

तर लिहा मंडळी. अट एकच, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ओळीने ऐकलेला हवा. समीक्षा नको, तो तुम्हाला का चिकटला ते सांगा.

झोपमोड
ॲपच्या हिशोबाने माझा यंदाचा लाडका कलाकार: पाऊस. नुसता पाऊस, बाळाला झोपवायला लावतो तो. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात, त्यामुळे आमच्या पावसाने भल्याभल्यांना धूळ चारलीय. अख्खा ऐकलाय ताई, पहाटे चार वाजता, कित्येकदा.
उठला वाटतं. आलोच.

वाचनमात्र
हसून हसून पुरेवाट. पावसाचा दुसरा अल्बम पहिल्याइतका जमला नाही पण.

तबकडी
अल्बम हा शब्द कुठून आला? मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. रचना मोठी असली की चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या ठेवायला फोटोंच्या अल्बमसारखं पाकिटांचं जाडजूड पुस्तक. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी (लाँग प्ले तबकडी) आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पुस्तक गेलं, नाव राहिलं.

आणि बाजूचं शेवटचं गाणं बऱ्याचदा संथ का असतं माहितीये? सुई आत सरकते तसा घेर लहान होतो. फेऱ्या मिनिटाला तेवढ्याच, म्हणजे तेवढ्याच वेळाला खाच कमी मिळते. तिथे झांजा वाजल्या की आवाज फाटतो. म्हणून दणदणीत गाणी कडेला, हळवी आत.

वाचनमात्र
काका, माहिती झकास. तुमचा अल्बम राहिला.

तबकडी
हो की. संध्याकाळी लिहितो.

अर्धवट
यंदाचा नाही, पण लिहितोच. मित्राकडून ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतलेला अल्बम, एका बाजूला ४५ मिनिटं. अल्बम त्याहून थोडासा मोठा. शेवटच्या गाण्यात तो "आणि मी..." म्हणतो आणि खाट्! बटण वर. मी आठ वर्षं तसाच ऐकला. पेन्सिल घालून फीत गुंडाळायची, परत पहिल्यापासून, परत "आणि मी..." खाट्. मी माझ्या मनाने त्या ओळीचे किती शेवट केले असतील!
या वर्षी फोनवर पूर्ण सापडला. पुढे काय असावं? "आणि मी घरी गेलो." बस्स. खाटच बरं होतं.

रिकामी_कॅसेट
अर्धवट, आयडी सार्थ आहे हो तुमचा!

डिसेंबरकर
यादी ३१ डिसेंबरलाच करायची हे १००% पटलं. सगळे नोव्हेंबरातच याद्या लावून मोकळे होतात आणि डिसेंबरचा अल्बम कोणाचाच नाही. बियॉन्सेने २०१३ मध्ये १३ डिसेंबरला आगाऊ गाजावाजा न करता अख्खा अल्बम टाकला, तोवर कितीतरी याद्या लागून गेल्या होत्या. पुढच्याच वर्षी १५ डिसेंबरला डीअँजेलो या गायकाने तेच केलं. माझा वाढदिवस २९ चा, त्यामुळे असल्या अन्यायाची जरा जास्तच जाण आहे. मी डिसेंबरचे अल्बम पुढच्या वर्षात धरते.

तबकडी
हे नियमात बसत नाही. वर्ष म्हणजे वर्ष.

डिसेंबरकर
ग्रॅमी पुरस्कारांचं वर्षसुद्धा जानेवारी ते डिसेंबर नसतं काका. आणि संध्याकाळ झाली, तुमचा अल्बम?

एकाकानी
यंदा एकच. मार्च-एप्रिलमध्ये आई दवाखान्यात होती, रात्री मी थांबायचो. ३८ मिनिटांचा अल्बम, रोज दोनदा. इअरफोन फक्त डाव्या कानात, उजवा आईकडे. तिचा श्वास आणि ते गाणं असं दोन्ही एकदम ऐकू यायचं. सातव्या गाण्यात मध्येच सगळं थांबतं, तेव्हा मी प्रत्येक वेळी दचकून तिच्याकडे बघायचो.

आई मेमध्ये गेली. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा दोन्ही कानांनी लावला तर उजवीकडे एक अख्खी गिटार निघाली. पहिल्या गाण्यापासून होती ती. मला पत्ताच नव्हता.
चांगला आहे का अल्बम? नाही सांगता येणार.

रिकामी_कॅसेट
काय लिहू. जपा स्वतःला.

झोपमोड
🙏 बाळ झोपलंय मांडीवर, त्यामुळे एका हाताने. दादा, परत एकदा वाचलं.

अर्धवट
एकाकानी, माझ्या आजोबांच्या वेळी मी पण असाच बसायचो. तेव्हा रेडिओ होता. राहू दे.

उलटसुलट
विषय हलका करतो. मी एक अल्बम तीन महिने शफलवर, म्हणजे गाण्यांचा क्रम पिसून, ऐकला. बटण चालू आहे हेच माहीत नाही! गोष्टीचा अल्बम होता तो. माझ्या आवृत्तीत नायक आधी मरतो, मग शाळेत जातो, मग त्याचं प्रेम जमतं. मला वाटलं, काय धाडसी मांडणी आहे! चार जणांना पुनर्जन्माचं रूपक समजावून सांगितलं.

वाचनमात्र
🤣🤣 पुनर्जन्म!

डिसेंबरकर
म्हणूनच तर गायिका ॲडेल अडून बसली होती. २०२१ मध्ये तिचा अल्बम आला तेव्हा तिच्या सांगण्यावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफल आपोआप लागणं बंद केलं. क्रम लावायला आम्ही डोकं लावतो, असं तिचं म्हणणं.

उलटसुलट
माझ्यासाठी उशीर झाला त्यांना.

पायपुसणं
अवांतर: माझा उजवा इअरबड महिनाभर मेलाय. नवीन घ्यायचा का? धाग्याशी संबंध इतकाच की मी पण डाव्यानेच ऐकते.

उलटसुलट
आधी जाळी बघ. कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून. पाणी अजिबात नको. तोवर फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू कर, दोन्हीकडचं एका कानात येतं.

एकाकानी
हे मोनोचं मार्चमध्ये कळायला हवं होतं. की नकोच.

तबकडी
उशीर झाला, क्षमस्व. सगळ्या तबकड्या काढून बसलो. यंदाचा नवा एकही अल्बम पूर्ण ऐकलेला नाही माझा. एकही नाही! उगाच व्याख्यान झोडलं. उद्यापासून एक लावतो, कोणता लावू?

झोपमोड
पाऊस.

डिसेंबरकर
रि_कॅ, सगळ्यांची उलटतपासणी झाली. तो नववा कोणता ते सांगा की.

रिकामी_कॅसेट
नाव सांगितलं की ऐकाल, आणि मग नावं ठेवाल. कपडे वाळत घालायचेत, पळते.

पायपुसणं
जाळीच होती! केवढा मळ, शी. दोन्ही चालू. थँक्यू उलटसुलट.
आणि नववा कोणता?