ह्युगो २०२४: टेशला मिळाला ते योग्यच, की 'सेंट'वर अन्याय?

तिसरा_ग्रह

११ ऑगस्ट २०२४ ला ग्लासगोच्या वर्ल्डकॉनमध्ये (जागतिक विज्ञानकथा संमेलन) सर्वोत्तम कादंबरीचा ह्युगो, म्हणजे संमेलनाच्या सदस्यांनी मतं देऊन ठरवलेला पुरस्कार, एमिली टेशच्या 'सम डेस्परेट ग्लोरी'ला मिळाला. अंतिम यादीतली बाकीची पाच: वज्र चंद्रसेकरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स', अ‍ॅन लेकीची 'ट्रान्सलेशन स्टेट', मार्था वेल्सची 'विच किंग', जॉन स्काल्झीची 'स्टार्टर व्हिलन' आणि शॅनन चक्रवर्तीची 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी'.

माझ्या मते या सहांत पुन्हापुन्हा वाचावं असं एकच पुस्तक होतं, ते म्हणजे 'सेंट'. त्याला त्याच वर्षी लेखकसंघटनेचा नेब्युला मिळाला, पहिल्या फँटसी पुस्तकासाठीचा क्रॉफर्ड मिळाला, पहिल्या कादंबरीसाठीचा 'लोकस' मासिकाचा पुरस्कारही मिळाला. ह्युगोच्या मतदारांना मात्र ते झेपलं नाही. आई जन्मतःच मुलाची सावली खिळ्याने उपटून काढते आणि त्याला बापाचा खून करण्यासाठी वाढवते. बाप म्हणजे हयातीतच देवपदाला पोचलेला धर्मसंस्थापक. मुलगा मोठा होऊन शहरात येतो आणि 'निवड न झालेल्या तारणहारांच्या' मदतगटात जाऊन बसतो! बुद्ध, यशोधरा आणि राहुल यांची गोष्ट मागे सोडलेल्या बायकोमुलाच्या बाजूने उलटी करून सांगितली आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला दहाव्या पानावर कळतं. अमेरिकन मतदाराला किती कळलं असेल?

टेशची कादंबरी वेगवान आहे, नाही म्हणत नाही. पण मध्यावर काळ पुसून नवा डाव मांडायचा ही पळवाट आहे. पात्र मरतं, मग मेलेलंच नसतं.

ठिपका

(पुढे रहस्यभेद आहे, पुस्तक वाचायचं असेल तर हा प्रतिसाद टाळा.)

पळवाट कसली, कादंबरीचा कणाच तो आहे. किर ही सतरा वर्षांची मुलगी गाया स्टेशनवर वाढलेली. पृथ्वी परग्रहवासीयांनी नष्ट केली, आता सूड हेच जगणं, हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. कामांचं वाटप होतं आणि ही सर्वांत तगडी लढवय्यी असूनही तिला नर्सरीत पाठवतात, म्हणजे पुढे फक्त मुलं जन्माला घालायची. तिथून ती पळते. इथपर्यंत कोणीही लिहील. टेशने पुढे केलंय ते असं: नव्या डावात पृथ्वी वाचलेली आहे, आणि तिथे माणसंच बाकीच्यांच्या उरावर बसलेली आहेत. म्हणजे किरला 'आपण पीडित होतो म्हणून असे झालो' ही सबबसुद्धा उरत नाही. काळ न पुसता हे दाखवून बघा.

उलट 'सेंट'मध्ये शेवटचा तिसरा भाग सैल आहे. तुरुंगछावण्यांमधली भटकंती संपता संपत नाही. निवेदक कोण हे इतक्या उशिरा कळतं की मागचं सगळं परत जुळवत बसावं लागतं.

तिसरा_ग्रह

ती भटकंती सैल वाटते कारण ती तशीच असते. श्रीलंकेतल्या छावण्या, वंशाच्या याद्या, साथीच्या नावाखाली लादलेले निर्बंध, यांत माणूस अडकला की कथानक पुढे सरकत नाही. नोकरशाहीने माणूस कसा गिळला जातो हे इतक्या कोरडेपणाने लिहिणारं दुसरं कोण आहे त्या यादीत? आणि निवेदकाबद्दल: दुसऱ्यांदा वाचलं की पहिल्या प्रकरणापासून खुणा दिसतात.

आकडेमोड

तुम्ही दोघं पुस्तकांवर भांडताय, निकाल मोजणीच्या पद्धतीत दडलेला असतो.

ह्युगोत मतदार पसंतीक्रम देतो: १, २, ३ असे, आणि हवा असल्यास 'कोणालाही नको' यालाही क्रमांक. पहिल्या फेरीत फक्त पहिली पसंती मोजतात. निम्म्याहून जास्त कोणाला नसतील तर सर्वांत मागचा बाद, आणि त्याची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे. असं बहुमत होईपर्यंत. यात 'काहींचं प्रचंड आवडतं, बाकीच्यांचं पाचवं' असं पुस्तक हरतं आणि 'बहुतेकांचं दुसरं' असलेलं जिंकू शकतं. 'सेंट'सारखं पुस्तक या पद्धतीत कायम अडचणीत.

लोक हमखास चुकतात ते दोन ठिकाणी. एक, आवडत्या पुस्तकाला १ देऊन बाकी रकाने रिकामे ठेवतात. ते पुस्तक बाद झालं की त्यांचं मत तिथेच संपतं, उरलेल्यांत कोण जिंकावं यात त्यांना काही आवाज नाही. दोन, 'कोणालाही नको'च्या खाली नावडत्या पुस्तकांना क्रमांक देतात आणि समजतात की आपण त्यांना शून्य दिलं. तसं नाही. वरचे सगळे बाद झाले तर ते मत खालच्या नावालाच जातं.

कोकणकडा

आणि नामांकनाचं गणित? खरे दुर्लक्षित तर यादीतसुद्धा येत नाहीत.

आकडेमोड

ते जास्त मजेशीर आहे. २०१५ मध्ये एका गटाने ठरवून एकच यादी भरली आणि पाच विभागांत मतदारांनी शेवटी 'कोणालाही नको' निवडलं. त्यानंतर नियम बदलला, २०१७ पासून लागू. आता एका विभागात प्रत्येकाला एक गुण असतो. पाच पुस्तकं सुचवली तर प्रत्येकी ०.२. दर फेरीत सर्वांत कमी गुणांची दोन पुस्तकं समोरासमोर ठेवतात, आणि ज्याला कमी लोकांनी सुचवलंय ते बाद. तुमच्या पाचांतलं एक गेलं की उरलेल्या चारांना ०.२५. सहा उरेपर्यंत हेच.

त्यामुळे 'एकच पुस्तक सुचवा म्हणजे पूर्ण गुण' हा सल्ला अर्धवट आहे. गुण फक्त धोक्याच्या जागेपासून वाचवतात. एकदा शेवटच्या दोघांत आलात की डोकी मोजली जातात, गुण नाहीत. अडगळीतल्या पुस्तकाला वर आणायचं तर सुचवणारी जास्त माणसं लागतात, दुसरा मार्ग नाही.

कोकणकडा

माणसं कुठून आणणार? ग्लासगोला मतदानाचं सदस्यत्व ४५ पौंड होतं, म्हणजे पावणेपाच हजारांच्या घरात. भारतातून किती जण भरणार? म्हणून यादी बघा: सहापैकी चार पुस्तकं टॉर आणि त्याच्या भावंड-प्रकाशनांची. 'चेन-गँग ऑल-स्टार्स' त्याच वर्षीची, अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. कैद्यांना टीव्हीवर एकमेकांना ठार मारायला लावायचं आणि तळटीपांत तिथल्या तुरुंगव्यवस्थेची खरी माहिती द्यायची, याहून टोकदार विज्ञानकथा त्या वर्षी कुठली होती? प्रकाशक 'आपल्यातला' नाही, म्हणून ह्युगोच्या सहांत नाही. हा माझा आरोप आहे, पुरावा मागू नका.

ठिपका

पुरावा नसताना आरोप करायची सोय बरी आहे. 😀 टॉरच्या त्या चारांत तुमचा 'सेंट'सुद्धा आहे, हे विसरू नका. मोठ्या प्रकाशकामुळेच एका श्रीलंकन लेखकाची पहिली कादंबरी मतदारांच्या हातात पडली.

शुक्राची_चांदणी

मतदान सोडा, परीक्षकांचा पुरस्कार बघा. ब्रिटनचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार: प्रकाशक पुस्तकं पाठवतात, परीक्षक मंडळ वाचतं, बक्षीस सालाइतके पौंड, म्हणजे त्या वर्षी २,०२४. त्या यादीत 'चेन-गँग' होती, टेश होती, आणि लावण्या लक्ष्मीनारायण यांची 'द टेन पर्सेंट थीफ'सुद्धा. बंगळुरूचं 'एपेक्स सिटी' झालंय, माणसं उत्पादकतेच्या आलेखावर वरची २० टक्के, मधली ७० आणि तळाची १० अशी विभागलेली, तळच्यांना वीज-पाणीही धड नाही. मूळ पुस्तक भारतात २०२० मध्ये 'अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल' नावाने आलं होतं. इथे किती जणांनी तेव्हा वाचलं? ह्युगोवाल्यांना नावं ठेवण्याआधी हे विचारायला हवं.

क्लार्क शेवटी मार्टिन मॅकिनेसच्या 'इन असेन्शन'ला मिळाला. टेश तिथे हरली. म्हणजे नेब्युलात लेखकांनी चंद्रसेकरा निवडला, क्लार्कमध्ये परीक्षकांनी मॅकिनेस, ह्युगोत वाचकांनी टेश.

तिसरा_ग्रह

म्हणजे माझंच म्हणणं. वाचकांच्या मतांत नाव आणि ओळख चालते. टेशला २०२१ चा नवलेखकांचा अ‍ॅस्टाउंडिंग ह्याच मतदारांनी दिला होता. आपल्याकडे नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली ती याच कारणासाठी: बक्षीस कथेला मिळावं, नावाला नको.

आकडेमोड

नाव चालतं हे खरं, पण त्याच वर्षी ते उलटंही चाललं. मार्था वेल्सने 'सिस्टिम कोलॅप्स' या आपल्या दुसऱ्या कादंबरीचं नामांकन स्वतःहून नाकारलं. शिवाय ३,८१३ मतपत्रिकांपैकी ३७७ रद्द झाल्या, कारण सदस्यांच्या नावांत संशयास्पद साचा होता: काही नावं म्हणजे ओळीने येणाऱ्या आकड्यांची भाषांतरं. सगळ्यांचा रोख एकाच स्पर्धकावर. तो जिंकला नाही, आणि त्याला याची कल्पना होती असा पुरावाही समितीला मिळाला नाही. निदान समितीने हे मोजणी जाहीर होण्याआधी सांगितलं. आदल्या वर्षी चीनमधल्या चेंगडूच्या वर्ल्डकॉनला आर. एफ. क्वांगची 'बेबल', जिला नेब्युला मिळाला होता, 'अपात्र' म्हणून बाजूला ठेवली गेली आणि ते कळलं जानेवारी २०२४ मध्ये, आकडे आले तेव्हा. कारण दिलंच नव्हतं. अन्याय म्हणायचा तर तो. 'सेंट' यादीत आलं, मोजलं गेलं आणि हरलं.

कोकणकडा

ते मान्य. एक सवाल मात्र राहतोच, मराठी पुस्तक यात कधी येऊ शकतं का?

आकडेमोड

नियमाने येतं. मूळ दुसऱ्या भाषेतली कृती पहिल्यांदा इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध होते, त्या वर्षासाठी ती पुन्हा पात्र ठरते. लिऊ त्सशिनची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चिनीत २००८ ची, इंग्रजीत २०१४ ची, ह्युगो २०१५ चा. शब्दसंख्याही पाहावी लागते: ४०,००० च्या खाली गेलं तर ते कादंबरीत नाही, लघुकादंबरीत जातं, आणि १७,५०० च्या खाली तिथूनही खाली. नामांकन करायचं तर त्या किंवा आदल्या वर्षीच्या वर्ल्डकॉनचं सदस्यत्व ठरलेल्या मुदतीआधी घेतलेलं हवं. भाषांतर डिसेंबरात काढून जानेवारीत जाहिरात केली तर सुचवणाऱ्यांना वाचायला वेळच उरत नाही.

तिसरा_ग्रह

आधी 'सेंट'चं मराठी भाषांतर कोणीतरी करा. निम्मे संदर्भ तर आपल्याला समजावून सांगावेच लागणार नाहीत.

ठिपका

करा. शेवटचा तिसरा भाग थोडा छाटून.